शाळेची बातमी गेटवर उभ्या असलेल्या आजीपर्यंत कशी पोहोचवायची

माझी मुलगी पहिलीत होती. जुलै महिना होता. त्या दिवशी शाळा सकाळी दहालाच सुटणार होती आणि तसा मेसेज आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर, म्हणजे माझ्या फोनवर, आला होता. मी लालबागला एका डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून देणाऱ्या, दुकानात कामाला आहे. गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, बॅनर यांची झुंबड असते, घरी यायला रात्रीचे दहा वाजतात. तो मेसेज शुभरात्रीच्या चित्रांखाली गेला आणि मी तो पाहिलाच नाही. मुलीला शाळेतून आणतात माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्या नेहमीप्रमाणे साडेबाराला गेल्या, तेव्हा पोरगी गेटच्या आतल्या पायरीवर मांडीवर दप्तर घेऊन बसली होती आणि शिपाईकाका शेजारी उभे होते. अडीच तास. डब्यातली पोळी तिने अर्धीच खाल्ली होती. उरलेली अर्धी ‘आजी आणखी उशिरा आली तर’ म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

मी दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेले. मोठ्या बाईंनी शांतपणे ग्रुपवरचा मेसेज दाखवला. शाळेने कळवलं होतं, हे खरं होतं. पण जिने पोरीला आणायचं तिला कळलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले ती याच एका गोष्टीसाठी, आणि आता तीन वर्षं हेच काम धरून आहे. आमची शाळा मुंबईच्या गिरणगावातली, म्हणजे जुन्या कापडगिरण्यांच्या वस्तीतली, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी, ऐंशीच्या आसपास मुलं. एवढ्या लहान शाळेत हे सगळं दोन-तीन माणसांच्या बळावर चालतं. तुमच्या शाळेत करायचं असेल तर कसं करायचं, ते सांगते.

आधी गेटवर उभं राहा

फोन, ग्रुप, छापील पान हे सगळं नंतर. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले चार दिवस, भरताना आणि सुटताना, एक वही घेऊन गेटवर उभं राहायचं. प्रत्येक मुलापुढे लिहायचं: शाळेत आणतं कोण, परत नेतं कोण, नेणाऱ्याकडे फोन कसला, घरात मराठी वाचून कोण दाखवतं, आणि त्या माणसाला दिवसातला कुठला तास मोकळा असतो. दुसऱ्या वर्षी मी एक रकाना वाढवला, तो म्हणजे ‘काम काय करता’. हा रकाना पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलांना न्यायला आई किंवा वडील येतच नाहीत, हे आम्हाला वहीमुळे कळलं. आजी, आजोबा, सातवीतली बहीण, शेजारच्या काकू, एकाचे तर पानपट्टीवाले मामा. ग्रुपमध्ये नंबर मात्र सगळे आईवडिलांचे, आणि ते त्या वेळी कुणी वरळीला घरकामाला, कुणी डिलिव्हरीच्या बाईकवर, कुणी रात्रपाळी करून झोपलेले. ही वही शाळेच्या कपाटातच ठेवा. तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती.

सूचना लिहायची कशी

शाळेची सूचना साधारण अशी असते:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, दि. ५ रोजी प्रशासकीय कारणास्तव शाळा अर्धवेळ भरविण्यात येईल. याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

आता हीच, आमच्या शाळेत आज लिहिली जाते तशी:

‘शुक्रवारी, ५ तारखेला, शाळा सकाळी १० वाजता सुटेल. मुलाला न्यायला १० वाजता या. त्या दिवशी शाळेत जेवण नाही, डबा द्या. १० वाजता येणं जमत नसेल तर गुरुवारी बाईंना सांगा, मूल साडेबारापर्यंत शाळेत बसेल.’

पहिल्या सूचनेत चूक काही नाही. पण ‘अर्धवेळ’ म्हणजे किती वाजता, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवायचं. आणि ज्याला जमणार नाही त्याने काय करायचं, याचा तिच्यात शब्दही नाही. सूचनेत वार आधी आणि तारीख नंतर लिहा. घरकाम करणाऱ्या बाईला आज कुठली तारीख हे पटकन सांगता येणार नाही, पण वार पक्का ठाऊक असतो. ‘कळविण्यात येते’, ‘उपस्थिती अनिवार्य’, ‘कारणास्तव’ हे शब्द काढून टाका. माझ्या कामात मी रोज ‘आमंत्रित करण्यात येत आहे’ टाइप करते. लग्नपत्रिकेत ते शोभतं. शाळेने घराशी बोलावं तसं, जसं बाई गेटवर आजींशी बोलतात.

हीच सूचना तीन ठिकाणी, अक्षरशः त्याच शब्दांत जायला हवी: गेटजवळच्या फळ्यावर, ग्रुपवर, आणि मुलाच्या वहीत. शब्द बदलले की दोन घरांत वाद सुरू होतो, ‘आमच्याकडे दहा लिहिलंय’, ‘आमच्याकडे साडेदहा’.

फळ्याची ताकद कमी समजू नका. आमच्या गिरणगावात नाक्यानाक्यावर फळे असायचे. सभा कुठे, कुणाचं निधन, रक्तदान कधी, सगळं खडूने लिहिलेलं असायचं आणि येणारा-जाणारा थांबून वाचायचा. तीच सवय आम्ही गेटवर आणली. फळा बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला. त्यावर तीन ओळी, त्याहून जास्त नाहीत. लिहितात चौथीची मुलं, दर आठवड्याला दोघं. मूल स्वतः लिहितं तेव्हा त्याच्या घरचे तर वाचतातच, ते शेजारणीलाही बोलावून दाखवतात. शिळी सूचना त्याच दिवशी पुसायची. गेल्या आठवड्याची बातमी तशीच राहिली की लोक फळ्याकडे बघणं सोडतात.

ग्रुपबद्दल थोडक्यात. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं करा, गप्पांसाठी पालकांना हवा तर दुसरा ग्रुप करू द्या. रात्री नऊनंतर काही टाकू नका. दुसऱ्या दिवशीची सूचना असेल तर सकाळी पुन्हा टाका. महत्त्वाचं असेल तर लिखाणासोबत बाईंच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोपही टाका, ज्यांना वाचता येत नाही ते तो ऐकतात. कुणी वही आणली नाही, कुणाचं मूल गैरहजर, हे ग्रुपवर कधीही लिहू नका. मुलांचे फोटो टाकायला जूनमध्येच घरोघरची लेखी परवानगी घ्या, आणि फोटोखाली नाव लिहू नका.

महिन्याचं एक पान

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या शाळेतून प्रत्येक घरी एक पान जातं. ए-फोर, एकाच बाजूला छापलेलं. दोन्ही बाजूंनी छापलं तर कागद वाचतो, पण हे पान कपाटाला किंवा दाराच्या आत चिकटवलं जातं आणि मागची बाजू कुणालाच दिसत नाही. अक्षर सोळा पॉइंट, त्याहून लहान नको, कारण वाचणाऱ्या बऱ्याच जणी आज्या आहेत. ठळक फक्त वार, तारीख आणि वेळ. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही, हे आमच्या धंद्यात मी रोज गिऱ्हाइकांना समजावते. टाइप पहिल्यापासून युनिकोडमध्ये करा. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं मॅटर ग्रुपवर चिकटवलं की फोनवर नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

फोटो घालू नका, झेरॉक्समध्ये चेहरे काळे येतात. त्याऐवजी मुलांची चित्रं घ्या. पेन्सिलीचं चित्र झेरॉक्सला उठत नाही, म्हणून मुलालाच त्यावरून काळं स्केचपेन फिरवायला सांगा. तुम्ही स्वतः फिरवू नका. रेघ मुलाची राहू दे.

पानावर पहिली जागा मुलांच्या बातम्यांना. रोजच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष यांच्यासोबत एक मूल बातमी सांगतं. बहुतेक मुलं वर्तमानपत्रातलं काहीतरी पाठ करून येतात. आम्ही बाईंना विनंती केली की आठवड्यातून दोन दिवस मुलांना आपल्या वर्गाची किंवा आपल्या चाळीची बातमी सांगू द्या. दुसरीतल्या एका मुलाची बातमी मी पानावर जशीच्या तशी घेतली: ‘आमच्या वर्गात चिमणी आली. बाईंनी पंखा बंद केला. आम्ही घामाने भिजलो पण कोणी ओरडलं नाही. मग ती खिडकीतून गेली.’ ते पान त्याच्या आजोबांनी घडी करून पाकिटात ठेवलंय, अजून काढून दाखवतात. मुलाची भाषा दुरुस्त करायची नाही, फक्त शुद्धलेखन बघायचं. आणि हजेरीपटाची एक प्रत जवळ ठेवून ज्याचं आलं त्याच्यापुढे खूण करायची. ऐंशी मुलं, वर्षाला दहा पानं, म्हणजे दर पानात आठ मुलं. वर्षभरात एकही मूल राहता कामा नये. नाहीतर तीच चार धीट मुलं पुन्हा पुन्हा येतात, आणि गप्प बसणाऱ्याच्या घरी ते पान परक्याचं वाटतं.

दुसरी जागा ‘घरी विचारा’ला. पालकांचा सहभाग म्हटलं की आपण शाळेत येण्याबद्दलच बोलतो. पण ज्या आईला दिवसभर फुरसत नाही, तिलाही रात्री भाजी निवडताना मुलाला एक प्रश्न विचारता येतो. फक्त तो कुठला, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. प्रगतिपत्रकावर आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन असे शब्द असतात, त्यातून मूल आत्ता काय शिकतंय हे तिला कळत नाही. म्हणून प्रत्येक वर्गाच्या बाईंकडून दोन ओळी घ्यायच्या. दुसरीच्या बाईंनी एकदा दिलं होतं: ‘आम्ही हातच्याची वजाबाकी शिकतो आहोत. घरी विचारा: भाजी ३७ रुपयांची झाली, ५० ची नोट दिली, तर किती परत येतील? पोराला बोटं मोजू द्या, घाई करू नका.’ त्या महिन्यात एका आईने मला थांबवून सांगितलं की ती स्वतः तिसरीत शाळा सोडलेली, पण भाजी विकते, आणि मुलाला तिने पाटीवर न लिहिता ‘३७ला तीन चाळीस, चाळीसला दहा पन्नास’ असं शिकवलं. मी ते बाईंना सांगितलं. बाईंनी तीच रीत वर्गात फळ्यावर घेतली आणि ती कुणाच्या आईची, हे मुलांना सांगितलं.

मागायचं ते नेमकं मागा

‘पालकांनी शालेय उपक्रमांत सहकार्य करावे’ असं लिहून कुणीही येत नाही. आम्ही दोन वर्षं तेच लिहिलं, अनुभवाने सांगते. सहकार्य म्हणजे काय, किती वेळ, काय घेऊन यायचं, पैसे द्यायचे का, हे काहीच त्यात नसतं. आणि ज्याला लिहिता-वाचता कमी येतं त्याला वाटतं, आपलं तिथे काय काम.

पानावरची तिसरी जागा ‘हवं आहे’. त्यात एका वेळी एकच मागणी: काम एक, वार ठरलेला, वेळ अर्ध्या तासाच्या आत. आमची लागू पडलेली पहिली मागणी अशी होती: ‘गिरणीत काम केलेलं घरात कुणी आहे का? तिसरीच्या मुलांना गिरणीबद्दल वीस मिनिटं सांगायला हवं. बुधवार, सकाळी १० वाजता. भाषण नको, गप्पा.’ तीन घरांतून निरोप आले. त्याआधी एकदम तीन घरं कधीच पुढे आली नव्हती.

आले ते आजोबा साचेखात्यातले, म्हणजे जिथे कापड विणतात तिथले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्यानंतर त्यांना गिरणी पुन्हा मिळाली नाही. येताना पिशवीतून धोटा, म्हणजे विणताना सूत इकडून तिकडे नेतो तो लाकडी तुकडा, घेऊन आले होते. लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं की हातातून निसटत होतं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच. तो मुलांच्या हातातून फिरला. एका मुलीने टोकाला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, ‘हा तुम्हाला कधी लागला का?’ आजोबांनी बाही वर करून दंडावरचा वण दाखवला. मग गिरणीच्या भोंग्याबद्दल सांगितलं, घरात घड्याळ नव्हतं तरी सगळी चाळ भोंग्यावर उठायची, ते. वीस मिनिटांचे पन्नास झाले आणि मधली सुट्टी पुढे ढकलावी लागली. त्या दिवसानंतर ते आजोबा नातीला आणायला दहा मिनिटं आधी येतात आणि गेटवरचा फळा मोठ्याने वाचून दाखवतात. आम्ही त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

‘काम काय करता’ हा रकाना इथे लागतो. वहीत बघा आणि ज्याच्या हाताला जे येतं ते मागा. शिंपीकाम करणाऱ्या ताईने स्नेहसंमेलनाचे कपडे अल्टर करून दिले. सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी रविवारी दोन डुगडुगणारे बाक ठोकून दिले. ते याआधी शाळेच्या आत कधी आले नव्हते, कारण सभेला बोलावलं की तिथे काय बोलायचं हे त्यांना सुचायचं नाही. शाळेत जेवण मिळत असेल तर ते चाखायला दर आठवड्याला एका घराला बोलवा. मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंद करायची पद्धत आहेच, त्यात एका आईची सही असली की घरच्यांना भरवसा वाटतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे, हेही पानावर एकदा लिहा. हे आईला ठाऊक असलं की तिला नेमका प्रश्न विचारता येतो.

चौथी जागा ‘मागच्या वेळी मागितलं होतं, त्याचं काय झालं’. ही जागा कितीही घाई असली तरी काढू नका. बाक ठोकले गेले, पाण्याच्या टाकीची तक्रार केली पण अजून उत्तर नाही, पुस्तकपेटीला सतरा पुस्तकं आली. नाही झालेलंही लिहा. लोक एकदा मदत करतात आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा येत नाहीत.

समिती

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम नाही, बाकीच्यांना आहे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कसं खर्च झालं ते बघणं, ही समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. म्हणजे तुम्ही तिथे पाहुण्या नाही आहात. आमची बैठक पूर्वी सकाळी अकराला असायची, आया यायच्या नाहीत आणि सही घ्यायला मूल दप्तरातून रजिस्टर घरी न्यायचं. ते बंद केलं. आता बैठक शाळा सुटल्यावर लगेच, अर्धा तास, मुलं मैदानात आणि एक बाई त्यांच्यापाशी. विषय आधी फळ्यावर लिहितो, ठराव दुसऱ्या दिवशी साध्या मराठीत फळ्यावर येतात. न वाचता सही करू नका, आणि वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

पावसाची यादी

२६ जुलै २००५ला मी नववीत होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. परळला पाणी कमरेवर आणि फोन बंद. आम्ही रात्रभर शाळेच्या पहिल्या मजल्यावर होतो. समोरच्या चाळीतल्या बायकांनी पातेलंभर चहा आणि बिस्किटं दोरीने खालून वर पोहोचवली. माझे बाबा पहाटे आले तेव्हा आधी मला ओळखूच शकले नाहीत, इतके रडत होते. मुंबईत शाळेच्या बातमीचा विचार करताना मला तो दिवस बाजूला ठेवता येत नाही.

म्हणून जूनमध्येच कागदावर एक यादी करा, प्लास्टिकमध्ये घालून ऑफिसच्या भिंतीवर, आतल्या बाजूला लावा. प्रत्येक मुलापुढे त्याला नेऊ शकतील अशा दोन माणसांची नावं, त्यातला एक तरी शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावरचा. यादीत नाव नसलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. शिवाय प्रत्येक चाळीत आणि इमारतीत एक घर ठरवा, जिथे दिवसा कुणीतरी असतंच. शाळेने त्या घराला कळवायचं, त्या घराने आपल्या चाळीतल्या बाकीच्यांना जाऊन सांगायचं. आम्ही कोरड्या दिवशी याची एकदा तालीम करतो, शुक्रवारी शाळा सुटण्याआधी तासभर. पहिल्या तालमीत नऊ घरांना निरोप पोहोचलाच नाही, कारण एका चाळीची माणसं इमारत पाडल्यावर संक्रमण शिबिरात गेली होती आणि आमची यादी जुनीच होती. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीनंतर यादी पुन्हा एकदा तपासतो.

खर्चाचं म्हणाल तर ऐंशी झेरॉक्स महिन्याला, दोन रुपयांनी एकशे साठ. समितीतले आम्ही आळीपाळीने देतो. दुकानाचे मालक कधी कधी कागद देतात.

आणि पान झेरॉक्सला देण्याआधी प्रूफ वाचून घ्या, पण ज्याने लिहिलं त्याच्याकडून नको. मी रविवारी रात्री सासूबाईंना भांडी आवरून झाल्यावर बसवते आणि पान मोठ्याने वाचून दाखवते. मग कागद उलटा ठेवून विचारते, ‘आई, आता सांगा, पोरीला शुक्रवारी आणायला किती वाजता जायचं?’ त्यांनी बरोबर सांगितलं की पान जातं. त्या अडखळल्या तर ती ओळ मी पुन्हा लिहिते.